एकोडीचा भुऱ्या

नागपूरहून रायपूरच्या रस्त्याने निघाले की भंडाऱ्यापर्यंत सांगण्यासारखे फारसे काही घडत नाही. पुढे वैनगंगेचा पूल ओलांडला, की मात्र खिडकीजवळच्या जागेचे मोल कळते. दोहों बाजूंना धानाच्या बांध्या, मधेच चमकणारे पाणी, आणि क्षितिजाशी जंगलाची काळसर कड. जिल्ह्यातले हे तलाव बहुतेक जुन्या मालगुजारीच्या काळचे. ते बांधण्यात कोहळी लोकांचा हातखंडा. मोठा तो तलाव, लहान ती बोडी. आमच्या शहरी तोंडी मात्र सगळे ‘तळे’च!

नागपूरपासून शंभरएक किलोमीटरवर साकोली लागते. एकोडी याच तालुक्यातले. थोरली ताई तिथे दिली असल्याने दिवाळीत आमची फेरी ठरलेली. हलके धान कापणीला आलेले, आणि दिवाळी सरली की गावोगाव मंडई भरणार, रात्रभर दंडार रंगणार, म्हणून माणसे खुशीत. या खेपेला स्वागताला एक नवे मंडळ होते. भुऱ्या. वय आठ महिने, जात गावठी, रंग नावाप्रमाणे. पिशवी खाली ठेवतो न ठेवतो तोच त्याने माझे मनगट तोंडात धरले आणि मला ओसरीपर्यंत नेऊन पोचवले.

“हा कुत्रा कायचा जी, कातर हाये कातर!” भाऊजी म्हणाले.

धोतराचा सोगा, लुगड्याचा पदर, पाहुण्यांचे मनगट, त्याला काहीच वर्ज्य नव्हते. एवढ्यावर निभावले असते. पण घरात पाच वर्षांची नात आहे. आम्ही यायच्या आठवडाभर आधी तिच्या कोपराखाली त्याचे दात उमटले होते, आणि एका ठिकाणी रक्ताचा थेंब आला होता. शेजारची आजी तिखट चोळायला धावली. पण सुनेने पोरीला उचलून हापशावर नेले, साबण लावून पंधरा मिनिटे पाण्याची धार धरली आणि तशीच साकोलीच्या दवाखान्यात गाठली. तिच्या शहाणपणाला मी मनोमन हात जोडले. पिसाळरोगाची लक्षणे एकदा दिसली की बहुधा कोणाचाच इलाज चालत नाही. जे करायचे ते आधीच. आणि पोटात चौदा सुया टोचण्याचे ते दिवसही गेले. आता लस दंडात देतात.

तेव्हापासून घरात दोन तट पडले होते. सुनेचे म्हणणे एकच : एक तर तो राहील, नाहीतर मी पोरीला घेऊन माहेरी जाईन. भाऊजींनीही मंडई झाली की भुऱ्याला जंगलाच्या वाटेवर सोडून यायचे ठरवले होते. ‘सोडून यायचे’ म्हणजे काय, हे त्या भागात कोणाला विचारावे लागत नाही. बिबट्याला कुत्र्याचे वावडे नाही.

गावात कोणी म्हणे, याच्यात रानकुत्र्याचे रक्त आहे. नागझिरा त्याच बाजूला; तिथली टोळीने हिंडणारी तांबूस रानकुत्री प्रसिद्धच आहेत. साकोलीहून गाईला तपासायला आलेल्या जनावरांच्या डॉक्टरांपुढे हा सिद्धान्त मांडला, तेव्हा ते पोट धरून हसले. दोन्ही जाती निराळ्या, काही संबंध नाही म्हणाले. मग भुऱ्याचा जबडा उघडून त्यांनी आम्हांला दात दाखवले. पिलाचे दुधाचे दात अठ्ठावीस. चौथ्या महिन्यापासून ते पडू लागतात, आणि सहा-सात महिन्यांत बेचाळीस पक्के दात येतात. म्हणजे हिरड्या शिवशिवतात ही सबब भुऱ्याला उरलेली नव्हती. हे दांडगटपणाचे वय होते. इंग्लंडात न्यूकॅसलच्या संशोधकांनी २०२० साली असे प्रसिद्ध केले, की पाच महिन्यांचा असताना ‘बस’ म्हटल्यावर बसणारा कुत्रा आठव्या महिन्यात धन्याचे तेवढे ऐकत नाही. परक्याचे मात्र ऐकतो! घरात मॅट्रिकच्या वयाचा मुलगा असलेल्या वाचकांना हे नवे वाटू नये.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. किती जोराने चावायचे हे पिलू भावंडांशी खेळताना शिकते. जोरात चावले की भावंड ओरडते, खेळ बंद पडतो. भुऱ्याला डोळे उघडल्याबरोबर कोणी पिशवीत घालून आणले होते. त्याची ही शाळा बुडाली होती.

“मारून उपयोग?” भाऊजींनी विचारले.

“थोबाडीत दिली तर त्याला तो खेळच वाटेल, नाहीतर हाताची भीती बसेल. भ्यालेला कुत्रा मग खरा चावतो.”

खरी युक्ती दाखवली ती गायकीने. भुऱ्या त्याच्याकडे झेपावला की तो खांबासारखा उभा राही. ना ओरडणे, ना हात मागे ओढणे. “हात हालवला का त्याले खेळ वाटते जी. हात मेला, का खेळ मेला.” भुऱ्या कंटाळून खाली बसला, की खांद्यावरच्या पंचाची गाठ त्याच्यापुढे टाकी. हे चावायचे, ते नाही.

दुसऱ्या दिवसापासून घरभर हाच कायदा झाला. दात लागले की सगळ्यांनी पाठ फिरवायची. भुऱ्या तिन्हीसांजेला हमखास पिसाट होई. त्याआधी त्याला बांधीवरून लांब फिरवून आणायचे आणि मग ओसरीच्या कोपऱ्यात निजू द्यायचे. पोरीला त्याच्याबरोबर एकटे सोडायचे नाही. तिने पळायचे नाही, किंचाळायचे नाही. हे सगळ्यांत अवघड! आणि पिसाळरोगाची त्याची राहिलेली लस त्याच आठवड्यात टोचून घ्यायची.

पहिले दोन दिवस प्रकार वाढलाच. माझ्या सदऱ्याची बाही गेली. ताई म्हणाली, “पाठ फिरवली म्हणजे याला पाठीचा सदरा सापडतो.” चौथ्या दिवशी भुऱ्याने माझे मनगट धरले, क्षणभर थांबला आणि सोडून पंचाची गाठ शोधायला गेला. सून चुलीपाशी बसून हे पाहत होती. काही बोलली नाही.

मंडई होऊन आता तीन आठवडे झाले. परवा फोनवर ताईला विचारले. पदर अजून सुरक्षित नाही, म्हणाली. पण पोरीचा हात चाटतो, धरत नाही. सून माहेरी गेलेली नाही. भाऊजींनी साकोलीच्या बाजारातून चामड्याचा पट्टा आणला आहे, आणि तो दोन भोके सैल बांधतात. अजून वाढायचा आहे, म्हणतात.