माजं हात नाय गेलं

चेंबूरला सकाळची पनवेल लोकल पकडली. वैशाखातला रविवार, डब्यात गर्दी नव्हती. मानखुर्द मागे पडलं, खाडीचा पूल आला आणि हात आपोआप पर्समधल्या नाण्याकडे गेला. आजी इथे खिडकीतून नाणं टाकायची. डब्यातल्या बायका बघत राहिल्या की म्हणायची, "बघता काय? तुमी पन टाका. खारीचं खाल्लंय नं?" आज तिचं वर्षश्राद्ध. त्यासाठी तिच्या गावी, विचुंब्याला निघाले होते.

लोकल पनवेलपर्यंत पोचली ती १९९८ साली. त्याआधी आजी आमच्याकडे एसटीने यायची, डोक्यावर तांदळाचं गाठोडं घेऊन. पाण्याचा तांब्या हातात घेण्याआधीच बाबांना ऐकवायची, "म्हयना झाला, आई जिती हाय का मेली, इचारलंस?" बाबा खाली मान घालून हसायचे. आम्हा पोरांना वाटायचं, आता भांडण होणार. तोवर तिने गाठोडं सोडून बाबांच्या आवडीच्या वालाची पुरचुंडी बाहेर काढलेली असायची.

पनवेलला उतरून आधी पश्चिमेला, उरण नाक्यावर गेले. आगोटीचे दिवस. पावसाळ्याची बेगमी करायला आलेल्या बायका सोडे, सुकट, जवळा, बोंबील निवडत होत्या. आमच्या घरात गेलेल्या माणसाच्या पानावर त्याच्या आवडीचं वाढतात आणि आजीचा जीव सुक्या बोंबलात. बोंबील घ्यायचा तर ती त्याला कानाजवळ नेऊन मोडायची. काडकन आवाज आला तर ठीक. सुकट मुठीत दाबून हात उघडायची; तळव्याला चिकटली की, "ही ओली हाय, वजन इकतेस काय?" एवढं बोलून त्याच कोळणीच्या पाटीशेजारी बसून तिचा चहा प्यायची. मीही बोंबील कानाशी नेऊन मोडला. कोळीण हसली, म्हणाली, "कोनी शिकवलं गो?"

रेल्वेचा पूल ओलांडून नवीन पनवेलला आले, रिक्षा केली. विचुंब्याला जायचं तर गाढी नदीवरून जावं लागतं. माथेरानच्या डोंगरातून निघालेली ही नदी वर देहरंगच्या धरणात अडते आणि खाली पनवेलच्या खाडीला मिळते. वैशाखात तिच्यात बघण्यासारखं काही नसतं. पुढे मात्र इमारतींची रांग सुरू होते. विमानतळाभोवतीच्या विकासाची 'नैना' योजना २०१३ साली जाहीर झाली आणि तिच्या पहिल्या तेवीस गावांच्या आराखड्यात विचुंबे आलं. जिथे आजी भाताची लावणी करायची त्याच्या आसपास आता लिफ्टच्या इमारती आहेत.

गावाच्या तोंडाशी हळदीचा मांडव होता, डीजे लावलेला. रिक्षा तिथे अडकली आणि आजीचं खरं रूप माझ्या डोळ्यांपुढे आलं.

आजी धवलारीण होती. आगरी लग्नात देवांना बोलावणं, मांडव, तेल, हळद, सगळं धवलारीण धवले गाऊन पार पाडते. पोथी नसते, पाठ असतं. आजीला अक्षर येत नव्हतं, पण रात्र रात्र तिचा आवाज थकायचा नाही. लग्नघरी तिचा मान साडी-नारळाचा, आणि धाक त्याहून मोठा. नवरदेव दारू पिऊन पाटावर बसला तर धवला थांबायचा. ती सगळ्यांसमोर म्हणायची, "याला आंघोळ घाला, मग मी गाईन." आणि घालावी लागायची.

आजोबा गेल्यावर पहिलंच लग्न आलं. शहरातून आलेल्या कुणी पाहुणीने हळू आवाजात म्हटलं, आता हिने हळदीला हात लावू नये. आजीच्या कानावर पडलं. तिने वाटी खाली ठेवली नाही. तशीच वळली आणि म्हणाली, "माजा नवरा गेला, माजं हात नाय गेलं." नवरीच्या आईने पुढे होऊन आजीचं बोट आपल्या हाताने हळदीत बुडवलं. तेव्हा मी नऊ-दहा वर्षांची असेन, मांडवाच्या खांबाला धरून उभी होते. त्या हाताच्या फुगलेल्या शिरा, नखांत बसलेली पिवळी रेघ, अजून दिसते. पुढे कॉलेजात, नोकरीत, जिथे जिथे मला गप्प बस म्हटलं गेलं, तिथे ती वाटी आठवली.

तिचं माहेर उरण तालुक्यातलं. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली संपादित जमिनींसाठी उठलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, पाच जण गेले. तिचा भाऊ त्या गर्दीत होता, तीन दिवस घरी आला नाही. त्याच लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळण्याचा हक्क आला. आजी तेव्हापासून कागदाला फार जपायची. आपला गट नंबर तिला देवाच्या नावासारखा पाठ. कुणी सहीला कागद आणला की आम्हा पोरांपैकी एकाला बसवून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचायला लावायची. मधला शब्द गाळला तर चेहऱ्यावरून ओळखायची. "अंगठा माजा हाय, घाई तुमची हाय," असं म्हणून कित्येकांना तिने ओटीवर ताटकळत ठेवलं.

घरी पोचले तेव्हा बाकीचं पान वाढून झालं होतं. काकूने बोंबील हातात घेतला, मोडला, मान डोलावली. दुपारी सगळे ओटीवर टेकल्यावर काका म्हणाले, तुझ्याकडे तिचा आवाज आहे ना, लाव.

माझ्या मोबाइलवर तिचा एकच धवला आहे. चार मिनिटांचा. धवले वहीत उतरवून घ्यायचे राहिले, उरला तो हा. त्यातही गाणं मिनिटभराचंच. ती सूर धरते, दोन ओळी होतात, तेवढ्यात आत मिक्सर लागतो आणि ती काकूवर ओरडते. पुन्हा सुरुवात करते, मग माझ्यावर, मोबाइल नीट धर म्हणून. इतकी वर्षं ह्या आरडाओरड्याचं मला दुःख होतं, धवला अर्धा राहिला म्हणून. आज ओटीवर ऐकताना कुणीच गाण्याची वाट बघत नव्हतं. काकू पदर तोंडाला लावून बसली होती, मिक्सरची जागा आली तेव्हा रडत हसली. शेवटी आजीचा आवाज येतो, करडा, अगदी जवळून: "तो टीव्ही बंद कर रं आदी."

काका उठले. टीव्ही बंदच होता. त्यांनी भिंतीवरचं बटणसुद्धा बंद केलं आणि परत येऊन बसले.