टीव्हीला दार

नाशिकहून किब्ला पश्चिमेला येतो, किंचित उत्तरेकडे झुकलेला. बिल्डर फ्लॅट बांधताना हा विचार करत नाही आणि त्यानं करावा अशी अपेक्षाही नाही. आपण राहायला जातो, सामान लावतो आणि मग किब्ल्याची भिंत कुठली ते पाहतो. आमच्या बेडरूममध्ये दक्षिणेला कपाट, पूर्वेला खिडकी, उत्तरेला दार. मोकळी भिंत एकच, पश्चिमेची. टीव्ही तिथंच लागला.

ही खोली अम्मीची आणि माझ्या मुलीची. अब्बा गेल्यावर अम्मी जुन्या नाशकातलं भाड्याचं घर सोडून आमच्याकडे आली. येताना तिनं तीन वस्तू आणल्या: अब्बांची लोखंडी पेटी, शिलाई मशीन आणि हा ३२ इंची टीव्ही. बाकी सगळं तिनं वाटून टाकलं.

पाय किब्ल्याकडे करून झोपायचं नाही, हा आपल्याकडचा रिवाज. म्हणून पलंग दक्षिणोत्तर आहे. गुडघे दुखायला लागल्यापासून अम्मी खुर्चीवर बसून नमाज पढते. नमाजची खुर्ची तीच आणि मालिका बघायची खुर्चीही तीच. दोन्ही वेळा तोंड त्याच भिंतीकडे. अडचण तिथं झाली. बंद टीव्हीची काच काळी असते आणि खिडकी समोर असल्यानं तिच्यात सगळी खोली दिसते. रुकूसाठी वाकलं की समोर वाकलेली आपणच. अम्मी एकदा म्हणाली, "बंद है तो बी मेरेकू देखते रहता."

तिनं त्यावर ओढणी टाकायला सुरुवात केली. ओढणी घसरायची. शिवाय नुकत्याच बंद केलेल्या टीव्हीवर कापड टाकलं की मागच्या जाळ्या झाकल्या जातात आणि आतली उष्णता आतच राहते.

एक जवळचे नातेवाईक म्हणाले, "काढूनच टाका. या वयात आता टीव्ही कशाला? अल्लाह अल्लाह करावं." शेजारच्या काकूंनी ओढणी पाहून हळूच विचारलं, "तुमच्यात टीव्ही चालत नाही का हो?" दोघांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण टीव्ही ज्यांचा, त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. मी विचारलं. अम्मी म्हणाली, "टीव्ही राहू दे. नमाजच्या वेळेला फक्त समोर नको."

झाकण्याची रीत आपल्याला नवी नाही. जुन्या वाड्यांच्या भिंती इतक्या जाड असत की फडताळ भिंतीच्या पोटातच बसे. हिंदू घरात कोनाडा, आमच्या घरात ताक. अम्मीच्या जुन्या घरी ताकात कुरआन शरीफ असे, जुजदानात गुंडाळलेला. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. पुढं घरोघर जे टीव्ही आले, त्यातल्या कितीतरी टीव्हींना लाकडी पेटी आणि सरकतं शटर असे. आमच्या शटरची किल्ली अब्बांच्या खिशात असायची. परीक्षा आली की शटर बंद. रविवारी सकाळी 'महाभारत'च्या वेळेला मात्र ते उघडायचंच, आणि अर्धी गल्ली आमच्या सतरंजीवर. त्या मालिकेचे संवाद राही मासूम रझांनी लिहिले आहेत, हे अब्बा येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे.

आता भिंत चार इंचांची. तिच्या पोटात काही मावत नाही, म्हणून कपाट बाहेर टांगावं लागतं. मिस्त्री आले ते गेली कित्येक वर्षं देवघरं बनवणारे. त्यांनी आधी भिंत वाजवून पाहिली. भिंत विटांची होती. सिपोरेक्सची असती तर साधी गिट्टी धरत नाही, लांब फास्टनर लागतो. स्विचबोर्डच्या सरळ वरच्या रेषेत त्यांनी ड्रिल लावू दिलं नाही, कारण आतली वायर बहुधा तिथूनच वर जाते.

३२ इंची टीव्ही प्रत्यक्षात साधारण साडेअठ्ठावीस इंच रुंद आणि सतरा इंच उंच भरतो. पेटीचं आतलं माप ठरलं ३४ बाय २२ आणि खोली ६ इंच. वजनाचा हिशोब त्यांनी मला समजावला. १८ मिलिमीटर प्लायचं आठ बाय चारचं अख्खं पान ३० किलोच्या वर जातं. म्हणून चौकट १८ ची, पाठ आणि दारं १२ ची. टीव्हीचा स्टँड पाठीच्या प्लायला न लावता प्लायमधून आरपार थेट भिंतीत घेतला. पेटी टांगायला दोन पट्ट्या ४५ अंशांत तिरक्या कापल्या. एक भिंतीत पक्की, दुसरी पेटीच्या मागे. वरची खालचीवर बसली की पेटी आपल्याच वजनानं भिंतीला घट्ट धरते आणि काढायची झाली तर उचलून निघते.

दारांचा प्रश्न वेगळा होता. दोनच दारं केली तर प्रत्येक दार सतरा इंचांचं. उघडल्यावर ते खोलीत पुढं येतं आणि पलंगावरून बघणाऱ्याच्या आड येतं. म्हणून प्रत्येक दाराच्या दोन घड्या केल्या, मध्ये पियानो कब्जा. घडी झाली की दार बाजूला साडेआठ इंचांत मिटतं. अम्मीची बोटं आखडतात, त्यामुळे कडी नको, चुंबक आणि मोठी गोल मूठ. फजरच्या वेळी मुलगी झोपलेली असते, म्हणून दार आपटू नये यासाठी कडेला नमद्याचे तुकडे.

उष्णतेचं काय, हे मी विचारण्याआधीच मिस्त्री म्हणाले, "देवघराला करतो तेच करू. आत दिवा असतो, धूर-गरमी बाहेर जायला जाळी लागतेच." वर आणि खाली जाळीची पट्टी आली. गरम हवा वरून जाते, थंड खालून येते. सेट टॉप बॉक्सही खालच्या जाळीमागे बसला, म्हणजे रिमोटचा किरण आत पोचतो. नक्षीच्या नमुन्यांत ओम होता, गणपती होता, कमळ होतं. त्यांनी पानं उलटत अम्मीला विचारलं, "आजी, यातलं कोणतं?" अम्मीनं आठ कोनांची चांदणी निवडली. ते म्हणाले, "ही तर मी देवघरांनाही लावतो."

एक शंका मला होती. घरी कुरआनख्वानीला बायका येतात. त्यांच्यापासून टीव्ही लपवायला हे कपाट केलं, असं तर होणार नाही? धार्मिक दिसण्याचा सोस घरात कसा शिरतो, हे मी इथं पूर्वी लिहिलं आहे. पण उत्तर अम्मीनंच दिलं. पहिल्याच बैठकीनंतर एका खालांनी कपाटाचं कौतुक केलं, आत कुरआन शरीफ ठेवता का, असं विचारलं. अम्मीनं मूठ ओढून दारं मिटवली आणि सांगितलं, "टीव्ही है मेरा. साडेसात को मेरी सीरियल रहती." खाला हसल्या. मग कुठली मालिका, यावर दोघींचं बराच वेळ बोलणं झालं.

आता घरात एक न ठरवलेला नियम झाला आहे. दार लावायचा हक्क अम्मीचा. मगरिबच्या आधी ती दार लावते आणि इशानंतर मनात आलं तर उघडते. मुलगी यंदा दहावीला आहे. दार लागलेलं असतं तेव्हा ती त्याच खोलीत अभ्यासाला बसते, हे तिला कुणी सांगितलेलं नाही. दुसऱ्याच्या घरात येऊन राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या हातात कशाच्याच किल्ल्या उरत नाहीत. अम्मीच्या वाट्याला निदान ही एक मूठ आली.

त्या नातेवाइकांनी कपाट पाहिलं आणि म्हणाले, "एवढा खर्च करण्यापेक्षा टीव्ही विकला असता तर?" अम्मी तेव्हा तसबीह ओढत होती. तिनं फक्त मान हलवली. ती नाही म्हणाली की हो, ते त्यांना कळलं नाही. मला कळलं.