उंबरठ्याबाहेरची मराठी

बंगळूरच्या राजाजीनगरात आम्हा मराठी कुटुंबांतील मुलांची मराठी बहुधा स्वयंपाकघरापाशीच थांबते. उंबरठ्यापलीकडे कन्नड व इंग्रजी! मायबोलीचा त्यांना संकोच वाटू लागला, ही माझी खंत.

म्हणूनच मुंबईच्या ‘स्वदेशी’ या रॅप गाणाऱ्या संघाविषयी आपणांस सांगावेसे वाटते. ठेक्यावर यमकबद्ध बोल म्हणण्याची ही रीत अमेरिकेतील. तेथील ‘सायप्रस हिल’ने १९९९ साली आपलीच इंग्रजी गाणी स्पॅनिशमध्ये पुन्हा म्हटली. ‘स्वदेशी’ने मात्र आरंभापासूनच अनेक भाषांना एका ठेक्यावर बसविले. २०१९ च्या ‘वारली रिव्होल्ट’मध्ये आरे वनातील आदिवासींचे गाऱ्हाणे आहे आणि तेथीलच प्रकाश भोईर यांचा आवाजही. (हे गाणे तारस्वरातले, वडीलधाऱ्यांनी थोडे सोसावे.) अमरावतीच्या सौरभ अभ्यंकरची वैदर्भी बोली ऐकून माझा मुलगा शब्दांचे अर्थ विचारू लागला, तेही गॅलरीत उभा राहून, मोठ्याने!

मार्च २०२२ मध्ये संघातील धर्मेश परमार हा गुजरातीतही गाणारा तरुण अवघ्या चोविसाव्या वर्षी निवर्तला. साथीदारांनी गाणे थांबविले नाही.