वेताळ टेकडीचा काळा उतार

होळीच्या आगेमागे पुण्यातल्या वेताळ टेकडीवर गेलं की एखादा उतार काळा पडलेला दिसतोच. एका मार्चमध्ये मात्र तो काळा पडताना पाहिला. पाषाणच्या अंगाला धूर दिसला आणि फिरायला आलेले आम्ही काही जण ओल्या फांद्या मोडून धावलो.

आग चढाला सुसाट पळते. खालची ज्वाळा वरचं गवत आधीच तापवून ठेवते, त्यात दुपारचा वारा उतारावरून वर चढत असतो. वनमजूर आमच्यावर ओरडला, "काका, वरनं कशाला येताय? जळालेल्या अंगानं या!" राखेवर उभं राहून आगीच्या कडेकडेनं झोडपायचं. फांदी उंच उचलायची नाही, ठिणग्या पलीकडच्या गवतात जातात. दाबायची आणि काळ्या बाजूला ओढायची. उताराला येणारी आग सावकाश होती, तिला आम्ही गाठलं. वर गेलेली आग खडकाळ पट्ट्यात इंधन संपून आपोआप विझली. श्रेय आमचं नव्हे.

राखेत गवताच्या बुडाशी वाटीएवढं घरटं होतं, बहुधा चंडोलाचं. अंडी तडकलेली.

कुसळी गवताचं मात्र फारसं बिघडत नाही. त्याचं कुसळ दमट हवेत पीळ सोडतं, कोरड्या हवेत पुन्हा भरतं आणि तेवढ्यावर गिरमिटासारखं बी मातीत रुतवतं. आग वरून निघून जाते, बी खाली सुखरूप. "जाळल्याशिवाय गवत जोमानं येत नाही," असं टेकडीवर शेळ्या चारणाऱ्या एका मामांनी मला ठासून सांगितलं होतं. येतं, पण वरचेवर जाळलं की कुसळीच फोफावते, आणि कुसळं धरल्यावर तिला जनावर तोंड लावत नाही. जाड सालीचा पळस तगतो; हौसेनं लावलेली रोपं आधी जातात. वनीकरणात लावलेला मध्य अमेरिकेतला गिरिपुष्प ऐन कोरड्या दिवसांत पानं गाळतो, म्हणजे आगीला पाचोळा तयारच. राखेतलं खत म्हणावं, तर उघड्या उतारावरून ते वळवाच्या पहिल्या सरीत मातीसकट ओढ्यात जातं.

वणव्याला निसर्गाचा कोप म्हणणं ही आपली सोय आहे. इथे डोंगर पेटतो तो बहुतेक वेळा माणसामुळे: विडीचं थोटूक, पार्टीची चूल, पेटवलेला कचरा, आणि चाऱ्यासाठी मुद्दाम लावलेली काडी. राखीव वनात आग लावणं १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानुसार गुन्हा आहे, पण काडी टाकणारा सापडतो कुठे? त्यापेक्षा उन्हाळ्याआधी जाळरेषा काढणं, म्हणजे गवताचा पट्टा देखरेखीखाली आधीच जाळून ठेवणं, जास्त कामाचं.

धूर दिसला तर व्हिडिओ नंतर काढा. वनखात्याला १९२६ किंवा अग्निशमन दलाला १०१ वर फोन करा आणि पाषाणची बाजू की पंचवटीची, हे आधी सांगा. टेकडीला घर नंबर नसतो.