मागची सीट

नवराबायकोचं भांडण कशावरून जुंपेल याचा नेम नसतो. कुणाचं चहातल्या साखरेवरून जुंपतं, कुणाचं माहेरच्या आहेरावरून. आमच्याकडे चार वर्षं एक भांडण मोटारसायकलच्या मागच्या सीटवरून चालू होतं. चालू होतं म्हणजे माझ्याच बाजूनं. ही फारसं बोलत नसे. "तुम्ही व्हा पुढं, मी रिक्षानं येते," एवढं एकच वाक्य ती शांतपणे उच्चारी, आणि आम्ही एका घरातून निघून एकाच लग्नाला दोन वाहनांनी पोचत असू.

बरं, मोटारसायकल तरी साधीसुधी असावी! येझदी आहे आमची. १९८६ साली, लग्नाच्याच वर्षी, पतपेढीचं कर्ज काढून घेतलेली. मैसूरचा तो कारखाना १९९६ साली बंद पडला. तेच नाव २०२२ साली नव्या गाड्यांवर पुन्हा झळकलं. आमच्या येझदीनं मात्र मधल्या काळात रजा म्हणून घेतली नाही. हिच्याच मागच्या सीटवर पदर खोचून बसून सौभाग्यवती खडकवासल्याला कणसं खायला येत असे. हिच्याच सीटवर तापानं फणफणलेल्या मुलाला छातीशी धरून ती मध्यरात्री डॉक्टरांच्या दारात उतरली होती. त्या सीटची सर रिक्षाला कशी यावी?

"पाठ दुखते हो," ती म्हणे.

"साठी उलटली. पाठ दुखायचीच," मी म्हणे, आणि वर हसे. ते हसणं आज आठवलं की मान खाली जाते.

उपाय मी केले नाहीत असं नाही. मलम झालं, पट्टा झाला, एक्सरे झाला. डॉक्टर म्हणाले, हाडं वयाच्या मानानं ठीक आहेत, धक्के तेवढे टाळा. धक्के टाळण्यासाठी मी सीटवर फोमची गादी शिवून घेतली. चाकातली हवाही थोडी कमी करून पाहिली. ही एकदा बसली नि गल्लीच्या तोंडाशीच उतरली. "गादी छान आहे," ती म्हणाली, "घरी खुर्चीवर टाका." खरं सांगतो, मला राग आला. मला तर काही लागत नव्हतं! गाडी तीच, रस्ता तोच. मग हिलाच तेवढं कसं लागतं? हे थोतांड आहे, हिला आता माझ्यामागं बसायचीच हौस उरली नाही, असा निष्कर्ष मी मनाशी काढून ठेवला होता.

गेल्या वर्षी नवरात्राच्या सुमारास गाडीखालच्या फरशीवर तेलाचा डाग दिसू लागला. माग काढता काढता तो मागच्या चाकाशेजारच्या नळकांड्यांपाशी पोचला. पुस्तकात त्यांना शॉक ॲब्सॉर्बर म्हणतात. गॅरेजात एवढं लांब बोलायला कुणाला सवड नसते, तिथं ते 'शॉकअप' होतात. मी गाडी नाना पेठेतल्या एका जुन्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी पाना हातात घेतला नाही. सीटच्या मागच्या टोकावर दोन्ही तळहात टेकून भार दिला नि सोडला. गाडी पाळण्यासारखी तीन-चारदा झुलली.

"काका, एकदा वर येऊन गाडी जागच्या जागी थांबायला हवी. दोन्ही शॉकअप गेलेत. बरीच वर्षं झाली असतील."

"पण चालते उत्तम!" मी म्हणालो.

मिस्त्री हसले. "चालवणाऱ्याला उत्तमच वाटणार. मागं बसा."

आणि चाळीस वर्षं व्हायला आली असताना मी प्रथमच माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर बसलो. मिस्त्रींनी गल्लीला एक फेरी मारली. पहिल्या गतिरोधकालाच माझे दात एकमेकांवर आपटले. कण्यातून एक कळ थेट मानेपर्यंत गेली, आणि ती विरायच्या आत सीटनं मला पुन्हा उडवलं. पुढचा खड्डा केव्हा येणार हेही कळेना. मी घाबरून मिस्त्रींचा खांदा धरला.

"चालवणारा दोन चाकांच्या मधे बसतो," गाडी उभी करत ते म्हणाले. "मागचा माणूस जवळजवळ चाकावरच बसलेला असतो. शिवाय तुम्हाला खड्डा दिसतो, तुम्ही आपोआप अंग सावरून धरता. मागच्याला काय दिसतं? तुमची पाठ!"

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं होतं काय?

त्यांनी शॉकअप उतरवले, शिकंजात धरून स्प्रिंग जपून दाबली नि आतलं नळकांडं मोकळं केलं. मग त्याचा दांडा माझ्या हातात दिला. तो लोण्यात सुरी जावी तसा खालीवर झाला. माझा समज असा, की धक्का सोसते ती स्प्रिंग. मिस्त्रींनी तो दुरुस्त केला. स्प्रिंग वजन पेलते, पण धक्का ती फक्त उसना घेते नि लगेच परत करते. खरं काम आतल्या तेलाचं. दांडा हलला की तेलाला बारीक भोकांतून वाट काढावी लागते, आणि त्या घुसमटीत धक्क्याचा जोर उष्णता होऊन विरून जातो. म्हणजे तेल धक्का पोटात घालतं! ते गळून गेलं, की स्प्रिंग एका धक्क्याचे चार करते.

नुसतं सील बदलून तेल भरा, असं मी सुचवलं. त्यांनी दांड्यावरून माझं बोट फिरवलं. गंजानं त्यावर देवीच्या वणांसारखे खड्डे पडले होते. त्यांनीच जुन्या सीलचा ओठ फाडला होता, आणि नवाही महिन्याभरात फाडला असता. तेव्हा दोन्ही दांडे घासून, हार्ड क्रोम करून आणले. रबरी बुश नवे घातले. काळंमिट्ट तेल ओतून आतलं सगळं धुतलं. नवं तेल त्यांनी मापानं ओतलं, पण काठोकाठ नाही. दांडा आत शिरला की त्यालाही जागा लागते. ती नसली तर सील फुटतं. आणि एक बरा आहे म्हणून एकच करायचा, असं चालत नाही. काम जोडीनं करायचं.

तीन दिवसांनी गाडी घरी आणली. दरवेळचं "बसून तर बघ" मी या वेळी म्हणालो नाही. स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहिलो नि म्हणालो, "मी मागच्या सीटवर बसून पाहिलं."

तिनं चकल्यांचा सोऱ्या खाली ठेवला. "मग?"

"लागतं."

"चार वर्षं तेच सांगत होते मी," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी पणत्या आणायला ती हेल्मेट अडकवून मागं बसली. गतिरोधक आला तसा मी श्वास रोखला. गाडी एकदा दबली, एकदा उठली नि स्थिर झाली. "लागलं का?" मी विचारलं. "पुढं बघा," ती म्हणाली, आणि तिचा हात माझ्या खांद्यावर आला.

पाठ पूर्ण बरी झाली असं नाही. चार वर्षांचे धक्के तीन दिवसांत कसे निघावेत? लांब जायचं असलं की ती अजून रिक्षानंच जाते. फरक इतकाच, की आता त्या रिक्षात मीही असतो.