नावाची गरज कोणाला?

बारावीचा निकाल आणि सीयूईटी या विद्यापीठ प्रवेश परीक्षेचे गुण हातात पडले की ओळखीपाळखीतून फोन सुरू होतात. मुलीला अर्थशास्त्र घ्यायचंय, दोन्हीकडे नंबर लागेल असं दिसतंय. एकीकडे दिल्ली विद्यापीठाचं बी.ए. ऑनर्स, दुसरीकडे पुण्यातल्या गोखले संस्थेचं बी.एस्सी. इकॉनॉमिक्स. कुठे घालू? पदवीच्या वर्गांना अर्थशास्त्र शिकवण्यात माझं नोकरीचं आयुष्य गेलं, म्हणून मला विचारतात. विचारणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांचं आधीच ठरलेलं असतं. ‘मॅडम, शेवटी दिल्ली म्हणजे दिल्ली,’ असं म्हणून ते माझ्या होकाराची वाट बघत थांबतात.

दिल्ली म्हणजे कोणती दिल्ली, हे मी त्यांना विचारते. बहुतेकांच्या डोक्यात अमर्त्य सेन आणि मनमोहन सिंग असतात. दोघांनी दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकवलं, हे खरंच आहे. सेन १९६३ ते १९७१ तिथे होते आणि त्यांच्या शेवटच्या काळात मनमोहन सिंगही. पण व्ही. के. आर. व्ही. राव यांनी १९४९ मध्ये उभं केलेलं ‘डी-स्कूल’ हे पदव्युत्तर शिक्षणाचं ठिकाण. बी.ए.ला गेलेली तुमची मुलगी तिथे गेलीच तर कँटीनला जाईल. पुण्याचंही तसंच. रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून १९३० मध्ये गोखले संस्था सुरू झाली, भारत सेवक समाजाच्या छत्राखाली. धनंजयराव गाडगीळ १९६६ पर्यंत तिचे संचालक होते. १९७१ मध्ये वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातल्या दारिद्र्याचं मोजमाप मांडलं आणि त्यावर देशभर वाद झडले, ते इथूनच. ही सगळी पुण्याई संशोधनाची आणि एम.ए., पीएच.डी.ची. बारावीनंतरची मुलं त्या आवारात अलीकडे आली.

(जाता जाता सांगते. पुणे विरुद्ध दिल्ली अशी कुस्ती लावणाऱ्यांना हे आवडणार नाही, पण १९४९ मध्ये सरकारने राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली तेव्हा अध्यक्ष, संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांच्याबरोबर सदस्य होते दोघेच : गाडगीळ आणि राव. देशाचं उत्पन्न मोजायचं कसं, हे पुण्याने आणि दिल्लीने एकाच टेबलावर बसून ठरवलं.)

तर नाव बाजूला ठेवून शिकवणं कसं चालतं ते पाहू. दिल्ली विद्यापीठात अभ्यासक्रम विद्यापीठ ठरवतं, सत्राचा पेपरही विद्यापीठच काढतं. महाविद्यालयं शिकवतात आणि अंतर्गत गुण देतात. १८८१ चं सेंट स्टीफन्स, १८९९ चं हिंदू, १९२६ चं श्रीराम कॉलेज ऑफ कॉमर्स आणि पार द्वारकेकडचं एखादं कमी माहितीतलं कॉलेज, सगळीकडची मुलं अर्थशास्त्राचा एकच पेपर सोडवतात. २०२१ पर्यंत कटऑफचा जो तमाशा चालायचा, काही ठिकाणी शंभर टक्क्यांवर जाऊन थांबायचा, तो या एकाच पेपरसाठी. मग नामांकित कॉलेजात वेगळं काय मिळतं? वर्गातली मुलं. शेजारच्या बाकावरची मुलगी जे वाचते ते तुमची मुलगी वाचायला लागते, ती ज्या परीक्षेला बसते त्या परीक्षेचं नाव हिला कळतं. वादविवाद मंडळं, इकॉनॉमिक्स सोसायट्या, भरतीला येणाऱ्या कंपन्या, हेही तिथे जास्त. शिक्षकांबद्दल मात्र कॉलेजच्या नावावरून काहीच ठरवू नये. दिल्लीत कित्येक वर्षं वर्ग तात्पुरत्या, ‘ॲडहॉक’ नेमणुकांवर चालले. त्यांत उत्तम माणसं होती आणि दर चार महिन्यांनी नोकरी राहील की जाईल या काळजीत ती शिकवत होती.

गोखले संस्थेचा आकार याच्या अगदी उलटा. १९९३ पासून ती अभिमत विद्यापीठ आहे. जो शिकवतो तोच पेपर काढतो, तोच तपासतो. शिक्षक चांगला असेल तर याच्यासारखं सुख नाही, कारण अभ्यासक्रमात नवं काही आणायला त्याला शंभर सह्या लागत नाहीत. शिक्षक सुमार असेल तर त्याची झाकपाक करणारी विद्यापीठाची परीक्षाही नसते. एम.एस्सी.ची आणि पीएच.डी.ची मुलं त्याच जिन्यावर भेटतात, हा मोठा फायदा. आणि ग्रंथालय! जुनी गॅझेटिअर्स, जनगणनेचे खंड, समित्यांचे अहवाल. एकोणिसाव्या वर्षी एखाद्या तालुक्याच्या शंभर वर्षांपूर्वीच्या पीक-पाण्याचा आकडा स्वतः शोधून काढला की विषय अंगात भिनतो. गाडगीळांची परंपरा मुळात हीच होती. वाई तालुक्यातल्या शेतीचा हिशेब, पुणे शहराची घरोघर पाहणी. सिद्धान्त मग, आधी पायपीट.

पालकांना मी एक गृहपाठ देते. दोन्हीकडचे अभ्यासक्रम उतरवून घ्या आणि फक्त दुसरं वर्ष वाचा. पहिलं वर्ष बरंचसं सारखं असतं, मागणी-पुरवठा आणि राष्ट्रीय उत्पन्न. तिसऱ्या वर्षी ऐच्छिक विषयांची आकर्षक नावं असतात, ती माहितीपत्रकासाठी. अर्थशास्त्राची पदवी खरी ठरते ती दुसऱ्या वर्षी. ग्राहकाचा निर्णय कॅल्क्युलस वापरून शिकवतात की आकृती काढून सोडून देतात? संख्याशास्त्रात संभाव्यता वितरणं आणि अनुमान येतं का, की सरासरी-मध्यकावरच गाडी थांबते? अर्थमिती सक्तीची आहे का? दिल्लीच्या ऑनर्समध्ये गणिती पद्धती, संख्याशास्त्र, मध्यम पातळीचं सूक्ष्म आणि समग्र अर्थशास्त्र, अर्थमिती हा कणा बऱ्याच वर्षांपासून पक्का आहे. आपल्याकडच्या अनेक बी.ए. अभ्यासक्रमांत तो कधी आलाच नाही, म्हणून आपली हुशार मुलं एम.ए.च्या प्रवेश परीक्षेत पहिल्याच पानावर अडकतात. गोखलेच्या बी.एस्सी.त हा कणा आहे. या बाबतीत दोघांत डावं-उजवं करायला फार जागा नाही.

दुसरी चौकशी तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याकडे करायची : ‘तू स्वतः उघडलेली आकडेवारी कोणती?’ राष्ट्रीय नमुना पाहणीची किंवा रोजगाराच्या पाहणीची घरागणिक माहिती आज कोणालाही संगणकावर उतरवून घेता येते. तीन वर्षांत कोणी ती फाइल उघडायलाही लावली नसेल, तर त्या कॉलेजची इमारत कितीही देखणी असो, मला त्यात रस नाही.

इथवर मी शिक्षिका म्हणून बोलले. आता अर्थशास्त्रज्ञ काय म्हणतात ते पाहू, कारण शिक्षण नेमकं कशासाठी विकत घेतलं जातं यावर आमच्याच विषयात जुना वाद आहे. गॅरी बेकर यांनी १९६४ मध्ये मांडलं की शिक्षणाने माणसाची कुवत वाढते आणि पगार त्या कुवतीचा मिळतो. १९७३ मध्ये मायकेल स्पेन्स म्हणाले, कुवत वाढली नाही तरी पदवीला किंमत असू शकते. कोण हुशार हे मालकाला दिसत नाही, अवघड ठिकाणची पदवी ते दाखवते. बेकर खरे असतील तर दुसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम बघा. स्पेन्स खरे असतील तर नाव बघा.

आपल्या देशात याचा एक सुंदर पुरावा आहे. शीतल सेखरी यांनी भारतातल्या नामांकित सरकारी महाविद्यालयांचा अभ्यास केला, तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. प्रवेशाच्या रेषेच्या जेमतेम वर राहून आत गेलेले आणि जेमतेम खाली राहून बाहेर पडलेले विद्यार्थी त्यांनी ताडून पाहिले. शेवटच्या परीक्षेतल्या गुणांत फरक नाही, पगारात मात्र आहे. नावाला पैसे मिळतात, ज्ञानात भर पडली असो वा नसो. स्पेन्स खूश झाले असते.

पण थांबा. स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर यांनी अमेरिकेत २००२ मध्ये दुसऱ्या बाजूने पाहिलं. सारख्याच कॉलेजांत प्रवेश मिळालेली मुलं घेतली, त्यांतली काही बड्या ठिकाणी गेली, काही साध्या. पुढे कमाईत सरासरी फरक जवळपास नव्हता. अपवाद गरीब घरच्या मुलांचा. त्यांना मोठ्या नावाचा फायदा झाला.

मला या अपवादात रस आहे. वकील, सीए, प्राध्यापक यांच्या घरातल्या मुलाला इंटर्नशिप कोणाकडे मागायची हे जेवणाच्या टेबलावर कळतं. बायोडाटा मामा तपासून देतो, मावसभाऊ लंडनहून शिफारसपत्रांचं वेळापत्रक पाठवतो. त्याला कॉलेजच्या नावाची गरज कमी, कारण आडनावाने आणि ओळखींनी ते काम आधीच केलेलं असतं. एसटीच्या कंडक्टरची मुलगी, जतच्या किंवा केजच्या शेतकऱ्याचा मुलगा, यांच्याकडे दाखवायला कॉलेजचं नावच असतं. अमेरिकेतला निष्कर्ष आपल्याकडे जसाच्या तसा उचलून लावता येत नाही हे मान्य. तरी इतक्या वर्षांत वर्गात मी जे पाहिलं त्याच्याशी तो जुळतो.

आणि आपण करतो काय? डॉक्टरांच्या मुलाला दिल्लीला धाडतो, आणि पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोचलेल्या मुलीला ‘लांब कशाला, पुणं बरं’ म्हणून थांबवतो. मुलगी असेल तर ‘पुणं तरी कशाला’ इथपर्यंत गोष्ट जाते. म्हणून माझा सल्ला घर बघून बदलतो आणि तो ऐकून दोन्ही घरं नाराज होतात. डॉक्टरांना मी सांगते, पुण्याला ठेवा, छोटा वर्ग मिळेल, ग्रंथालय मिळेल, आवड असेल तर तिथे अर्थशास्त्र मुरेल. कंडक्टरना सांगते, दिल्लीचं चांगलं कॉलेज मिळत असेल तर पाठवा. मधलं किंवा अनोळखी कॉलेज मिळत असेल तर पाठवू नका. दिल्लीच्या नावाचा भाव श्रीराम, स्टीफन्स, हिंदू, लेडी श्रीराम, मिरांडा अशा मोजक्या दारांवर आहे. नुसत्या ‘दिल्ली विद्यापीठ’ या शिक्क्यासाठी घर सोडण्यात अर्थ नाही.

‘पैशाचं काय?’ असं कंडक्टर विचारतात, आणि ते बरोबरच आहे. तिथल्या बहुतेक महाविद्यालयांची फी मोठी नाही. खर्च खोलीचा. वसतिगृहात जागा थोड्या, मग कमलानगर-विजयनगरकडे पीजी शोधायचा. हा खर्च प्रवेशाच्या आधी कागदावर मांडा, आणि कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहाचा अर्ज प्रवेशाच्याच दिवशी भरा. २०२२ पासून तिथे चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे, पण तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं. चौथ्या वर्षाचं भाडं लगेच धरायची गरज नाही. परदेशी पीएच.डी.चं मनात असेल तर धरा.

या सगळ्याच्या आधी एक दार असतं, आणि त्याची आठवण बारावीच्या निकालानंतर करून उपयोग नसतो. दिल्लीच्या अर्थशास्त्र ऑनर्सला सीयूईटीत गणिताचा पेपर द्यावाच लागतो, आणि बारावीला गणित घेतलेलं असल्याशिवाय तिथे तो धरला जात नाही. आपल्याकडे अकरावी कॉमर्सच्या अर्जात ‘मॅथ्स की एसपी’ (म्हणजे सेक्रेटेरियल प्रॅक्टिस) असा पर्याय येतो. एसपीला गुण सोपे, म्हणून क्लासवाले, शेजारी, कधी कधी शिक्षकसुद्धा तिकडे बोट दाखवतात. कला शाखेत तर बहुतेकांचं गणित दहावीलाच सुटतं. यंदा ज्यांची मुलगी दहावीत आहे आणि जिला वर्तमानपत्रातलं महागाईचं पान वाचायला आवडतं, त्यांनी मला जूनमध्ये फोन करण्याऐवजी या दिवाळीतच करावा. अकरावीचा तो अर्ज अजून भरायचा आहे.