दारातला रहाट

शहादा,
फेब्रुवारी अखेर

प्रिय दादा,

तू दिलेल्या गाडीची आईकडची काच दुरुस्त झाली. केली मीच, आपल्या ओट्यासमोर. तू हसशील, म्हणून सविस्तर लिहिते.

मागच्या आठवड्यात आईला डोळे तपासायला नंदुरबारला नेत होते. प्रकाशा गावाजवळच्या पुलावर तिने पदराच्या गाठीतलं नाणं काढलं, तशी मी माझ्याकडच्या खटक्याने तिची काच खाली केली. नाणं तापीत पडलं, पण काच काही वर येईना. खटका ओढला की दारात नुसती घरघर. तिच्या दारावरचा खटका ओढून पाहिला, तरी तेच.

पुढे पथाऱ्या लागल्या. या दिवसांत नंदुरबारबाहेरची मैदानं कशी लाल असतात, तुला ठाऊक आहे. बाजारात आलेली ओली मिरची तिथे वाळायला पसरतात. तिथला वारा आईने उघड्या खिडकीतून घेतला. शिंकून शिंकून डोळे असे लाल झाले की डॉक्टरांनी तपासायचं सोडून आधी काय झालं तेच विचारलं. परतताना आई पदराआडून म्हणाली, "आपण दहा मिनिटांत हैराण झालो, त्या बाया दिवसभर मिरची कशा उलटत असतील?"

एका गॅरेजवाल्याने दार न उघडताच सांगितलं, मोटारीसकट सगळं बदला. तिथेच मला बाबा आठवले. विहिरीवरचा पंप बिघडला की ते हात लावण्याआधी कान लावायचे. आवाजच नाही, तर फ्यूज आणि स्टार्टर बघ. नुसती गुणगुण, तर कपॅसिटर. मोटार छान फिरते पण पाणी नाही, तर मोटार उघडू नको, फूटव्हॉल्व्ह बघ. आपल्या दारात मोटार फिरत होती आणि काच चढत नव्हती. म्हणजे फ्यूज ठीक, खटका ठीक, मोटारही ठीक. मोडलं होतं ते मोटार आणि काच यांच्या मधलं काहीतरी.

रविवारी बॅटरीची निगेटिव्ह तार काढली आणि दाराला लागले. हँडलमागे एक स्क्रू, हात ठेवायच्या जागी टोपणाखाली दोन. मग दाराच्या आतल्या पॅडच्या कडेने क्लिपा. एक तुटली, ती माझ्या घाईची. पॅड हिसकलं नाही, कारण खटक्याच्या तारा मागे जोडलेल्या असतात. त्या सोडवल्या. आत डिंकाने चिकटवलेला प्लास्टिकचा कागद होता, तो कोपऱ्यातून हळूहळू सोलला. आई ओट्यावरून बघत होती. म्हणाली, "दार ते खोली टाकं, आते लावशी कशी?"

आत पाहिलं आणि मला हसूच आलं. तो चक्क रहाट होता! मोटारीला एक छोटं चाक, त्यावर गुंडाळलेली पोलादी तार. ती वरच्या कप्पीवरून खाली येते, खालच्या कप्पीला वळसा घालून परत चाकाकडे जाते. मधल्या पट्टीवर एक नायलॉनचा तुकडा सरकतो आणि काच त्याच्यावर बसलेली असते, पोहऱ्यासारखी. तो तुकडा दुभंगला होता. सुटलेली तार चाकाभोवती गुंतली होती आणि पोहरा विहिरीत पडला होता. पहिल्यांदा अशा खटक्यावर चालणाऱ्या काचा अमेरिकेतल्या पॅकार्ड गाडीत आल्या, 1940 मध्ये. त्या तेलाच्या दाबाने चढायच्या, म्हणजे तिथेही पंपच!

तो नायलॉनचा तुकडा सुटा मिळत नाही. दुकानदार म्हणाला, "पूर्ण मशीन घ्या." मशीन म्हणजे पट्टी, तार, कप्प्या. त्याचं मला वाईट वाटलं, पण तारेच्याही काही काड्या तुटल्या होत्या, म्हणून घेतलं. मोटार मात्र जुनीच ठेवली, तीन स्क्रूंवर निघते आणि तीन स्क्रूंवर बसते.

काच हाताने वर ओढून चौकटीला चिकटपट्टीने बांधली. जाड हातमोजे घातले होते, कारण दारातल्या पत्र्याच्या कडा सुरीसारख्या असतात. जुनं मशीन दहा नंबरच्या पान्याने काढलं आणि नवं त्याच भोकांतून आत घेतलं. बोल्ट आधी सैल ठेवले. तारा आणि बॅटरी जोडून, काच वर नेऊन नीट बसू दिली आणि मगच ते आवळले. आधीच आवळले असते तर काच तिरकी चालली असती. बाजूच्या रबरांत आपल्याकडची धूळ घट्ट बसली होती. ती पुसून सिलिकॉनचा फवारा मारला. ग्रीस नाही, कारण त्याला धूळ चिकटते. पॅड लावण्याआधी काच चार वेळा वर-खाली करून पाहिली. रहाट चालला.

मला वाटत होतं, गाडीचं काम म्हणजे वेगळीच विद्या. ती आपल्या विहिरीचीच निघाली. बाबांनी ती शिकवताना तू बारावीच्या अभ्यासात होतास आणि बॅटरी धरायला मी होते, एवढाच फरक!

एक शंका उरली आहे. तो प्लास्टिकचा कागद मी परत चिकटवला, पण खालच्या कोपऱ्यात डिंक कमी पडला. काचेवरून दारात उतरणारं पाणी तो आत येऊ देत नाही. कोपरा टिकला की नाही, ते आता मृगातच कळेल. तेव्हा तू इथे असशील तर पुढे डावीकडे बस. पाय भिजले, तर पाना तुझ्या हातात देईन.

तुझी,
बहीण